झाकणाखालचा चेहरा

चाळणी हे काही तिचं खरं नाव नव्हे, नवऱ्यानं लाडानं ठेवलेलं. वेबसाइटच्या पानावर एखादं बटण केसभर सरकलं, अक्षरांचा रंग जरासा उतरला, तरी तिच्या नजरेतून सुटायचं नाही. "तुझ्यातून काही म्हणून निसटत नाही गं," म्हणायचा आणि हसायचा. तो गेला. नाव मागे राहिलं, आणि राहिला एक फोटो.

फोटो कंपनीच्या वेबसाइटवर, 'आमच्याविषयी' या पानावर होता. वेबसाइटी बनवणारी कंपनी घराच्या तळमजल्यावर, तिथे पानं तपासायचं काम तिचं; वरती दोघा भावांचे संसार. पानावरही दोघे भाऊ शेजारी शेजारी. थोरला गंभीर, धाकटा हसू न आवरलेला. खाली ओळ होती : दोघा भावांनी उभारलेलं काम. तो त्या पानावर आहे तोवर आपण भागीदाराची बायको, हे ती जाणून होती. तो तिथून पुसला गेला की आपण पोटापाण्याला लावून घेतलेलं माणूस. जिना उतरताना, खालची खुर्ची ओढताना त्या फोटोचा तिला आधार वाटे, अंधारात भिंत चाचपत चालावं तसा.

एक दिवस थोरले दीर म्हणाले, "किती दिवस डोळे फोडून घेणार? प्रोग्रामर एका पानावर खिळा ठोकतो आणि भलत्याच पानाची भिंत पडते. मशीन बसव. तुझी नजर तिला दे."

तिनं दिली. मशीनची रीत साधी होती. प्रत्येक पानाचं एक पसंत केलेलं मूळ चित्र मशीनजवळ ठेवायचं. कुठेही बदल झाला की मशीन स्वतःच ब्राउझर उघडणार, पानाचं नवं चित्र काढणार, मुळावर ठेवून बघणार. जुळलं तर हिरवं. नाही जुळलं तर जिथे फरक तिथे लाल, आणि जुनं पान आपोआप परत जागेवर. हे शेवटचं तिनंच सुचवलं होतं. चुकलेलं पान गिऱ्हाइकाला क्षणभरही दिसू नये म्हणून.

पहिलं मूळ चित्र तिनं 'आमच्याविषयी'चं घेतलं. घेताना पडद्यावर बोट टेकवलं, झोपलेल्या बाळाच्या गालाला टेकवावं इतकं हलकं.

सुरुवातीला मशीन उठल्यासुटल्या लाल होई. तारीख बदलली, लाल. जाहिरात फिरली, लाल. "ताई, हिला दृष्ट लागली का कुणाची?" प्रोग्रामर म्हणाला. मग तिनं झाकणं घातली. बदलत्या जागेवर झाकण घातलं की मशीन तेवढ्या भागाकडे बघतच नाही. मशीन निवली. चाळणीही निवली, पानं डोळ्यांनी तपासायची तिची सवय हळूहळू सुटली.

मध्ये तिला ताप आला. अंथरुणातून तिनं जाऊबाईंना समजावलं : लाल झालं आणि बदल आपणच केलेला असेल तर हे बटण दाबायचं, म्हणजे नवं चित्र हेच मूळ ठरतं. जाऊबाईंनी तिच्या कपाळावरची ओली घडी बदलली आणि शिकून घेतलं.

ती उठून कामाला लागली, तेव्हा जाऊबाई खुर्चीशी येऊन उभ्या राहिल्या.

"अगं, दोघांच्या फोटोवर, खालच्या ओळीसकट झाकण घालून ठेव बाई. धाकट्या भाऊजींचा फोटो फिका पडलाय. नवा, मोठा करून घेतेय, ओळही सरकेल. उगाच त्यांच्या तोंडावर लाल फासलं जायला नको."

चाळणीचे डोळे भरून आले. "ताई, हसरा घ्या हं. माझ्याजवळ आहे एक, देते."

"दे ना. तोच लावू."

तिनं फोटोची प्रत दिली. तिनं झाकण घातलं. नवं पान गेलं, मशीन हिरवी झाली, आणि तिनं मान वर करूनही पाहिलं नाही.

सांगितलं प्रोग्रामरनं. तोही चाचरत. "ताई, तुम्हाला विचारून केलं ना ते? म्हणजे मला सांगितलं की तुम्ही हो म्हणालात."

तिनं पान उघडलं. थोरले दीर एकटेच, ऐसपैस पसरलेले. खाली ओळ : एका माणसानं उभारलेलं काम.

ती दिरांच्या टेबलापाशी गेली. "भाऊजी, ह्यांचा फोटो?"

"नवीन पार्टनर यायचेत," दीर मोबाइलमधून डोळे न काढता म्हणाले. "त्यांना विचारायला लागलं, हे कोण, कुठे असतात, तर काय सांगू? मेलेल्या माणसाला कोण काम देतं?"

"मला विचारायचं तरी."

"मशीननं हिरवं दिलं की. मशीन कुणाचं? तुझं," जाऊबाई म्हणाल्या. "तुझ्यातून म्हणे काही निसटत नाही."

चाळणी जागेवर येऊन बसली. मग तिला आठवलं, झाकण वरून घातलंय. खाली मूळ चित्रात तो अजून आहे. झाकण काढलं की मशीन या एकट्या माणसाला लाल करील आणि आपला माणूस परत आणील. तिनं झाकण काढलं. मशीन फिरवली.

हिरवं.

पुन्हा फिरवली. हिरवं. मूळ चित्र उघडलं, तर तिथेही दीर एकटेच. जाऊबाईंनी बटण दाबून टाकलं होतं, शिकवल्याप्रमाणे, एका दमात.

"हात चांगला बसलाय माझा," मागून जाऊबाई म्हणाल्या.

चाळणीनं आपल्याजवळचा हसरा फोटो घेतला, पानावर त्याच्या जुन्या जागी बसवला, ओळ पूर्वीसारखी केली आणि पान पाठवून दिलं. तो आला. भावाच्या खांद्याला खांदा लावून, हसू न आवरता आला.

मशीननं ब्राउझर उघडला, चित्र काढलं, मुळाशी लावलं. आणि मग कपाळापासून हनुवटीपर्यंत, हसऱ्या ओठांवरून, मिटत आलेल्या डोळ्यांवरून लाल रंग फासत गेली. कुठे केसभर जागा सोडली नाही. तिनंच शिकवलं होतं तिला. फासून झाल्यावर जुनं पान आपोआप परत आलं. थोरले दीर ऐसपैस.

"बघ," तिचा बटणाकडे गेलेला हात बाजूला सारत जाऊबाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "तुझंच मशीन म्हणतंय, चूक आहे म्हणून."

प्रोग्रामरनं घसा खाकरला. मशीनला दरवेळी चुकीपुढे माणसाचं नाव लिहून द्यावं लागे, हाही नियम चाळणीचाच. "ही चूक कुणाच्या नावावर टाकू?"

"तिच्या," दीर म्हणाले. "आणि जरा बघून काम कर म्हणावं. नोकरी आहे, घर नाही."

प्रोग्रामरनं टाकली. चाळणीनं खुर्ची पुढे ओढली आणि पुढचं पान उघडलं.