कोंबड्या आत घेतल्या का?

"श्वास रोखून धरा," नवनीतने काचेआडून सांगितलं. पाटीला छाती टेकवून उभा असलेला म्हातारा तसाच धापा टाकत राहिला.

"बाबा, दम धर. हालू नको," त्याने या वेळी गावच्या बोलीत सांगितलं, आणि म्हातारा पुतळ्यासारखा थांबला. फोटो निघाला. सकाळपासूनचा हा एकतिसावा. शहाद्याच्या त्या दवाखान्यात नवनीत सव्वीस वर्षं एक्स-रे काढत होता आणि आता खुर्चीत बसताना त्याचे गुडघे त्याच्याआधी कुरकुरत.

डबा उघडून त्याने मोबाइल पाहिला. ग्रुपवर नवीन माणूस आलं होतं.

हा ग्रुप एका वेल्श मालिकेच्या चाहत्यांचा. चार वर्षांपूर्वी त्याच्या आईची, छबूबाईची, डावी बाजू गेली. तिच्या खाटेशी बसून वेळ काढायला त्याने सापडेल ते पाहायला सुरुवात केली, त्यात समुद्रकाठच्या कोळ्यांची ही मालिका हाती लागली. घशातून खाकरल्यासारखी ती भाषा त्याला का आवडली, हे त्यालाही सांगता आलं नसतं. आधी पडद्यावर खाली येणारी इंग्रजी अक्षरं वाचून, मग रोज दहा वाक्यं पाठ करून तो वेल्श शिकला. ग्रुपवर कुणी काही विचारलं की न कंटाळता उत्तर देई, म्हणून नव्या माणसांचं स्वागत करायचं काम त्याच्याकडे आलं होतं.

"क्रोएसो," त्याने लिहिलं. म्हणजे, या, बसा.

नवी बाई वेल्सचीच निघाली. ग्वेन, वय त्रेसष्ट. तिने इंग्रजीत लिहिलं, 'मला वेल्श येत नाही, लाज वाटते. शाळेत मागे पडू नये म्हणून आईने मला शिकवली नाही. आता आई वृद्धाश्रमात आहे. तिचं इंग्रजी पुसलं गेलंय, ती फक्त वेल्श बोलते. मला एक अक्षर कळत नाही.'

नवनीतने हातातला घास डब्यात परत ठेवला. मग त्याने आपल्या आवाजात एक वाक्य पाठवलं, "दू ई अमा, माम." मी इथे आहे, आई. खाली लिहिलं, 'सावकाश म्हणा. एवढं पुरे.'

तीन दिवसांनी ग्वेनने आईचा आवाज पाठवला. नवनीतने एक्स-रेच्या खोलीचं दार लावून तो पाच वेळा ऐकला. म्हातारीचा आवाज फाटका होता, पण शब्द लागले. त्याने लिहिलं, 'त्या विचारतात, कोंबड्या आत घेतल्या का?'

'आमच्याकडे कोंबड्या माझ्या जन्माआधी होत्या,' ग्वेनचं उत्तर आलं. 'काय सांगू?'

'घेतल्या म्हणा,' नवनीतने लिहिलं आणि ते कसं म्हणायचं तेही कळवलं.

त्याच संध्याकाळी लोणखेड्याच्या घरी पुण्याहून त्याच्या मुलीचा, रुपाचा, व्हिडिओ कॉल आला. त्याने मोबाइल आईसमोर धरला. छबूबाईने नातीकडे डोळे भरून पाहिलं.

"तुन्हा आंडोर दूध पेस का?"

"बाबा, आजी काय म्हणते?"

"तुझा मुलगा दूध पितो का, विचारते."

"हो गं आजी, पितो," रुपा म्हणाली आणि मग तिघंही हसल्यासारखं करत राहिले.

रुपा तीन वर्षांची असताना त्यानेच आईला बजावलं होतं, "माय, रुपासमोर आपली बोली नको बोलू. शाळामा हासतस." आई भांडली नाही. त्या दिवसापासून नातीशी तिचं बोलणं 'ये', 'बस', 'खा' एवढ्यावर आलं.

"रुपा," तो आज म्हणाला, "तूच विचार ना आजीला. म्हण, काय म्हनी ऱ्हायनी, आजी? काय म्हणतेस, एवढंच."

"बाबा, माझी मीटिंग आहे. रविवारी बोलू."

"बरं."

तो रविवार गेला, पुढचाही गेला. ग्वेन मात्र रोज काही पाठवी आणि नवनीत डबा खाता खाता त्याचा अर्थ लावून देई. मग एका दुपारी तिने कळवलं की आई सकाळी गेली. 'शेवटी मी तुमचं वाक्य म्हणत होते. तिने माझं बोट धरलं होतं.'

सांत्वनाचे वेल्श शब्द नवनीतला येत नव्हते. शोधले, सापडले, पण ते दुसऱ्याचे कपडे घातल्यासारखे वाटले. नुसतं 'मी इथे आहे' एवढं लिहून त्याने पुढच्या पेशंटला आत घेतलं.

घरी आल्यावर तो चपला न काढताच खाटेशी बसला. छबूबाईने त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"कोन गयं?"

"वळखनी माय व्हती एक. दूर ऱ्हाये."

"पोरंसोरं व्हतात का जवळ?"

"एक आंडेर व्हती," त्याने लेकीबद्दल सांगितलं.

"बोलनी का ती मायसंगे?"

"बोलनी."

म्हातारीने नजर छताकडे वळवली. मग म्हणाली, "आंग धोई ले. तसाच जेवाले नको बसू."

तो उठून मोरीत गेला. बादलीत नळ सोडून त्याने मागे वळून पाहिलं. छबूबाई उजव्या हाताने उशीखाली अडकलेला पदर ओढत होती. दोनदा तो निसटला. तिसऱ्यांदा तिने तो, मयताच्या घरी घेतात तसा, डोक्यावर घेतला, कपाळापर्यंत नीट केला, आणि हात छातीवर ठेवून पडून राहिली.