गेटवरच्या मामांचं स्टूल

मी फर्निचरचा धंदा करतो आणि माझ्या हाताला चार लोकांत मान आहे, हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढं जे सांगणार आहे, त्यात माझी अब्रू फारशी शिल्लक राहत नाही.

हा हात मला दिला तो ब्रदरांनी. मिशनऱ्यांची मुलांची शाळा आमची. मधोमध चॅपेल, दोन्ही बाजूंना वर्ग आणि अगदी मागं सुतारकामाची खोली. पांढऱ्या झग्यावर कातडी एप्रन चढवून ब्रदर तिथं उभे असत. पोरं त्यांना पाठीमागं ‘ब्रदर रंधा’ म्हणायची, कारण त्यांच्या हाताखालून गेलेला कसलाही खडबडीत पोरगा थोडा तरी गुळगुळीत होऊन निघायचा. माझं नाव त्यांनी ‘घाई’ ठेवलं होतं. ‘अरे घाई, आधी मोज!’ हे मी चार वर्षं रोज ऐकलं. आज मी जो काही आहे तो त्या खोलीमुळे आहे. त्यामुळे मुलाला कुठल्या शाळेत घालायचं, हा विषय आमच्या घरात कधी निघालाच नाही.

त्या शाळेची एक रीत आहे. दहावीचा प्रत्येक मुलगा शाळा सोडताना एक स्टूल करून देतो. कुणासाठी आणि कुठल्या जागेसाठी, ते चिठ्ठी काढून ठरतं. निरोपाच्या दिवशी स्टूल त्याच्या जागेवर मांडतात, ब्रदर त्यावर काठोकाठ भरलेला पेला ठेवतात आणि सगळे श्वास रोखून उभे राहतात. थेंब सांडला नाही, तर स्टुलाच्या खालच्या अंगाला तापल्या लोखंडानं त्या वर्षाचा आकडा उमटवतात. सांडला, तर आकडा नाही. स्टूल पोराबरोबर घरी परत. माझं स्टूल अजून वाचनालयात आहे. पालकसभेला गेलो की मी त्यावरच बसतो आणि कुणाचं लक्ष नसताना खाली हात घालून आकडा चाचपतो.

आमच्या चिरंजीवांना चिठ्ठी आली गेटवरच्या मामांची. हे मामा वीस वर्षं गेटवर बसतात, एक गुडघा धड वाकत नाही, उठताना गेटचा गज धरावा लागतो, पण उशिरा येणारं एक पोरगं त्यांच्या नजरेतून सुटत नाही. चिरंजीवांनी काय करावं? सुतळीचा तुकडा आणि वही घेऊन आठ दिवस त्यांच्याजवळ जाऊन बसला.

“गप्पा मारून स्टूल होणार आहे का?” मी विचारलं.

“काम चालू आहे, बाबा,” तो म्हणाला आणि पुन्हा गेला.

तो पोरगा हाताला मंद. एक पाय कापायला त्यानं आठवडा घालवला. मी एका दिवसात कपाट उभं करणारा माणूस, माझा जीव नुसता वरखाली व्हायचा. शेवटी निरोपाच्या आदल्या दिवशी स्टूल पॉलिश करून त्यानं माझ्या दुकानात वाळत ठेवलं आणि गाण्याच्या तालमीला शाळेत गेला.

मी सहज बोट लावलं. स्टूल मागं कललेलं वाटलं. पाणसळ ठेवली, तर बुडबुडा पार एका टोकाला. मोजून पाहिलं. पुढचे दोन पाय मागच्यांपेक्षा चार सूत, म्हणजे अर्धा इंच लांब! वर उंचीही नेहमीपेक्षा जास्त. उद्या सगळ्या पालकांसमोर पाणी सांडणार. माझ्याबरोबर शिकलेले दोघं तिथं येणार, माझी गिऱ्हाइकं येणार. आणि पोराला आकडा मिळणार नाही. खरं सांगतो, यातलं आधी मनात काय आलं ते मला आजही ठरवता येत नाही.

मी करवत उचलली. चहा घेऊन आलेली बायको दारातच थांबली.

“अहो, त्याला विचारलंत का?”

“त्याला काय विचारायचं? त्याचं भलंच करतोय.”

“भलं करताय तर तो येईपर्यंत थांबा की.”

मी थांबलो असतो तर ब्रदरांनी माझं नाव दुसरं ठेवलं असतं. दोन्ही पाय चार-चार सूत उडवले, कापल्या जागी पॉलिशचा हात मारला. बुडबुडा मधोमध आला. मी खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी चॅपेलमधली प्रार्थना झाली आणि आम्ही जागोजागी फिरत निघालो. वाचनालय, प्रयोगशाळा, स्वयंपाकघर. एकेक पेला स्थिर राहत होता, टाळ्या पडत होत्या. ब्रदर आता ऐंशीच्या घरात, हात थरथरतो, पण पेला ठेवताना एकदाही थरथरला नाही. गेटवर आलो. मामांच्या बसायच्या जागी चिरंजीवांनी स्टूल ठेवलं, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत रस्त्याकडे कललं. तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा त्या फरशीकडे पाहिलं. पाणी वाहून जावं म्हणून ती बाहेरच्या अंगाला चांगली उतरती बसवलेली होती. विद्यार्थी म्हणून आणि बाप म्हणून इतकी वर्षं मी तिच्यावरून ये-जा केली होती.

पेल्यातलं पाणी सांडलं.

“मी वीस वेळा तपासलं होतं, ब्रदर,” चिरंजीव पुटपुटला. तो गुडघ्यावर बसला, पायांच्या टोकांवरून बोट फिरवलं आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. चारचौघांत मला वाट्टेल ते बोलला असता तरी चाललं असतं.

“ब्रदर, त्याचं स्टूल बरोबर होतं,” मी म्हणालो. “पाय मी कापले. काल. त्याला न विचारता.”

मागं कुणीतरी खाकरलं. ब्रदरांनी स्टूल उलटं केलं, कापलेल्या टोकावर अंगठा फिरवला.

“ते कळलंच मला. सुरुवात सरळ आणि शेवटी घाई.” मग ते मुलाकडे वळले. “दुपारच्या घंटेपर्यंत पेला थांबेल. आणि तू रे घाई, एप्रन घाल. आज तू फक्त धरायचं.”

त्या खोलीत इतक्या वर्षांनी मी पुन्हा विद्यार्थी झालो. चिरंजीवांनी वही काढली. गेटवरच्या फरशीचा उतार, मामांच्या गुडघ्याची उंची, सगळं टिपलेलं होतं. त्यानं तीन तीनदा मोजून लाकडाचे दोन तुकडे कापले. “पुरे की आता,” असं माझ्या तोंडावर आलं, तेवढ्यात ब्रदर नुसते खोकले. मी तोंड मिटलं. पोरगा भोकं पाडून लाकडी खुंट्या ठोकत होता आणि मी पाय धरून बसलो होतो.

“बाबा, हलवू नकोस.”

“नाही हलवत.”

त्याचा हात मंद नव्हता. तो नीट काम करत होता, आणि ते मला त्याच्या इतक्या जवळ बसल्यावर दिसलं. मला त्याचा एवढा अभिमान वाटला की स्वतःची लाज वाटायलाही जागा उरली नाही.

घंटेआधी आम्ही गेटवर पोचलो. पेला ठेवला. पाणी हललं नाही. मग मामा बसले, आणि एका झटक्यात उठले.

“गजाला न धरता उठलो की हो!” ते म्हणाले आणि खात्री करायला पुन्हा बसले, पुन्हा उठले. तापलं लोखंड टेकलं, धूर निघाला, आकडा उमटला. सगळ्यांत जास्त टाळ्या मामांनी वाजवल्या.

निघताना ब्रदरांनी माझा दंड धरला. “तुझं स्टूल कुणासाठी होतं?”

“वाचनालयाचं, ब्रदर.”

“ती जागा झाली. बसायचं कुणी?”

लाकूड कुठलं ते मला आठवत होतं, उंची सुतासकट आठवत होती. माणूस काही आठवेना. ब्रदरांनी पाठीवर थोपटलं आणि पुढच्या पोराकडे गेले.

सोमवारी दुकानात एक बाई खुर्ची करून घ्यायला आल्या. मी सवयीनं टेप काढली, मग पुन्हा खिशात घातली.

“बसणार कोण?” मी विचारलं.

मागच्या बाकावरून चिरंजीवांचा आवाज आला. “बाबा, आणि कुठं?”