हातभर अंतरावरची मेणबत्ती

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, जिना भरला, आणि खोकला तर इतका की महाराजांच्या माइकलाही मधूनमधून दम खावा लागत होता. टेबलावर एक मेणबत्ती आणि तिच्यापासून हातभर अंतरावर एक म्हातारा गवंडी. आठवड्यापूर्वी याच ज्योतीसमोर त्याची फजिती झाली होती. आज त्यानं फुंकर मारली आणि ज्योत गपकन विझली. टाळ्यांचा नुसता कडकडाट!

"पाहिलंत?" फुंकर महाराज गरजले. "डॉक्टर म्हणतात, छाती गेली. अरे, जाते कुठे छाती? गावाला?"

लोक खो-खो हसले. या माणसाचं असंच होतं, गळा कापायचा तोही हसवत हसवत.

गवंड्याची मुलगी मागे उभी होती. दिवसभर शिलाई मशीन चालवून पायांचे तुकडे पडलेले, पण अप्पांची ती फुंकर बघून तिला रडूच आलं. घरी गेल्या गेल्या अप्पांनी ओढायच्या औषधाचा पंप कचऱ्यात टाकला. पंप असेल तिथं कृपा नाही, ही महाराजांची अट!

डॉक्टरीणबाईंनी दोघांना नीट समजावलं होतं. "सिमेंटची धूळ आणि विड्या, यांनी श्वासनळीला जखमा होतात. त्या भरायला शरीर काही प्रथिनं सोडतं. ती पेशींना सांगतात, वाढा, डागडुजी करा. काम झालं की त्यांनी गप्प बसायला हवं. यांच्यात ती बसत नाहीत. मुकादम ओरडतोच आहे, लाव गिलावा, अजून लाव! भिंत जाड होते, भोक बारीक."

"मग खरवडून काढा की," अप्पा म्हणाले होते.

"तो गिलावा निघत नाही हो, अप्पा. पंपानं उरलेली वाट उघडी राहते, एवढंच."

एवढंच म्हणणारी डॉक्टरीण कुणाला आवडेल? महाराज तर पूर्ण बरं करत होते!

पण पंधरवड्यात अप्पांना जिना चढवेना. मधल्या पायरीवर बसून ते माशासारखी तोंडाची उघडझाप करायचे आणि वर आले की पुन्हा मेणबत्ती विझवून दाखवायचे. जिना चढवत नाही आणि मेणबत्ती तेवढी विझते, हे काय गौडबंगाल? मुलीनं विचारलं, "अप्पा, पहिल्या दिवशी काय केलं होतं तुम्ही?"

"तोंड आ वासून हाऽ करायचं. रोग बाहेर पडतो म्हणे. आठव्या दिवशी ओठ आवळून हूऽ."

तिनं हात लांब करून मेणबत्ती धरली. आ वासून हाऽ केलं. ज्योत नुसती डुलली. पुन्हा केलं, तेच. मग ओठ आवळून हूऽ. विझली!

अप्पा स्वतःचा अंगठा न्याहाळत म्हणाले, "नळीचं तोंड अंगठ्यानं दाबलं की पाणी लांब जातं. जन्मभर गिलाव्यावर पाणी मारलं मी. कसं सुचलं नाही गं मला?"

पुढच्या बैठकीत ती तरातरा टेबलापाशी गेली. "मी धडधाकट आहे. माझं हाऽ बघा." ज्योत विझली नाही.

महाराज क्षणभर चपापले, मग गोड हसले. "अरेरे! लेकीलाही बापाचाच रोग!"

"अहो, रोग कसला! कुणाच्याच हाऽनं विझत नाही. तुम्ही सगळे करून बघा ना!"

त्यांनी केलं. काड्या पेटल्या, लायटर पेटले, हात लांब झाले, हॉलभर हाऽ हाऽ सुरू झालं. एकही ज्योत विझेना. तिला वाटलं, सुटले हे लोक. तेवढ्यात एक बाई किंचाळली, "अगं बाई, मलाही झालाय!" आणि सगळा हॉल नाव लिहायच्या टेबलाकडे धावला. रांग पार रस्त्यापर्यंत गेली. मुलीला ढकलून तिच्या पुढे लोक उभे राहिले. "रांगेत, रांगेत," महाराज प्रेमानं सांगत होते.

अप्पांसाठी तिनं नवा पंप आणला. पण तेवढ्यात छाती भरली, दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "आता जे गेलं ते परत येणार नाही," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर एका संध्याकाळी वीज गेली. वीज आल्यावर अप्पांनी मेणबत्तीकडे तोंड नेलं, ओठ आवळले. ज्योत हलली, वाकली, पुन्हा सरळ झाली. दुसऱ्यांदा त्यांना पुरती फुंकरही मारता आली नाही.

"तूच विझव," ते म्हणाले. तिनं विझवली आणि त्यांची पाठ चोळत बसली.

महाराजांचा हॉल आता पुरत नाही, म्हणून त्यांनी मोठा घेतलाय. तुमच्या घरचं कुणी त्या रांगेत निघालं असेल, तर आधी एक मेणबत्ती लावा. हात लांब करा, आ वासून फुंका, मग ओठ आवळून फुंका. आणि तो पंप, कृपा करून, टाकू देऊ नका.