जनावरं पेली का?

मुंजाजीच्या पायाला जन्मापासूनच भिंगरी. घडीभर बसून राहा म्हटलं की त्याच्या कपाळाला आठ्या. शिरूर कासारच्या मुलखात सगळी उमर गुरामेंढरांमागं हिंडण्यात गेली, साठीनंतर गावच्या दूध संस्थेचा चेअरमन झाला, तरी त्या खुर्चीला त्याची पाठ टेकलेली कुणी पाहिली नाही. अशा माणसाला डॉक्टरनं सांगावं, की बाबा, रोज सकाळी यंत्राखाली मेल्यासारखं पडायचं आणि तसूभर हलायचं नाही, म्हणजे दुखण्यापेक्षा औषधच जड. पण तेही त्यानं सोसलं असतं. खरी पंचाईत झाली ती पाण्यापायी.

ती कशी, ते ऐका. त्या साली विहिरी दिवाळीतच तळाला गेल्या. निम्मं गाव कोयते बांधून ऊसतोडीला गेलं, मागं राहिली म्हातारी माणसं आणि जनावरं. संस्थेनं माळावर चारा छावणी उघडली. चारा ट्रकनं यायचा, पाणी टँकरनं. लोकांच्या मनात आधीच किंतु, कारण मागल्या दुष्काळात एका छावणीत गुरं कोरडे हौद चाटत होती आणि छावणी चालवणाऱ्यांच्या घरचे रांजण काठोकाठ भरलेले होते, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. म्हणून छावणीच्या पहिल्याच दिवशी मुंजाजी हौदाच्या कठड्यावर चढला, मूठभर भंडारा उचलला आणि खंडोबाचं नाव घेऊन बोलला, "रोज सकाळी छावणीतलं शेवटचं जनावर पाणी पेल्याबिगर माज्या नरड्याखाली घोट उतरायचा न्हाई." कुणी त्याला असं बोल म्हणालं नव्हतं. पण भंडारा उचलला म्हणजे उचलला, तिथं मागं फिरायची सोय नसते. आणि गंमत बघा, चेअरमनच तहानलेला म्हटल्यावर टँकर आला की आधी आपली घागर पुढं करायची हिंमत कुणाला होईना. छावणी त्या एका बोलावर सरळ चालली होती.

मग उन्हाळ्याच्या तोंडाला त्याची लघवी अडकायला लागली. बीडला दाखवलं, तिथून औरंगाबादला धाडलं, आणि तिथल्या डॉक्टरनं नीट समजावून सांगितलं की प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, लघवीच्या पिशवीच्या खाली गाठ आहे, पण अजून बाहेर पसरलेली नाही. कापाकापी न करता रेडिएशननं बरं व्हायची चांगली आशा आहे, फक्त काही आठवडे रोज यावं लागेल, रविवार सोडून. मधे खाडे करायचे नाहीत, कारण खाडे पडले की गाठीला उसंत मिळते. मुंजाजीनं मान डोलावली. बायको भामाबाई बरोबर होती, तिनंही डोलावली. दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत दोघांनी खोली घेतली आणि छावणीचा कारभार संस्थेचा सेक्रेटरी शहादेव याच्या गळ्यात पडला. शहादेव म्हणजे मुंजाजीचा लंगोटीयार. दोघं उभा जन्म भांडत आलेले आणि एकमेकांवाचून राहिलेले मात्र कधी नाहीत.

आपल्याकडं रेडिएशनला शेक म्हणतात, आणि त्या एका शब्दानं मुंजाजीची झोप उडवली होती. शेक म्हणजे विस्तव. पोट फुगलेल्या बैलांना त्यानं आपल्या हातानं तापल्या सळईचे डाग दिलेले, कातडं जळाल्याचा तो वास अजून त्याच्या नाकात होता. पहिल्या दिवशी यंत्राखालच्या फळीवर तो दातओठ आवळून निजला. सगळे खोलीबाहेर गेले, जाड दार लागलं, यंत्राचा मोठा हात घरघरत त्याच्याभोवती फिरला, थांबला, पुन्हा फिरला. मग दिवे लागले आणि तिथली ताई आत येऊन म्हणाली, "झालं बाबा, उठा."

"कवा झालं?" मुंजाजीनं विचारलं. त्याला ना चटका बसला होता, ना टोचलं होतं.

त्याच्याही आधी, पहिल्या तपासणीच्या दिवशी, त्याच्या ओटीपोटावर आणि दोन्ही कुशींवर सुईनं बारीक टिंबं गोंदली होती, रोज नेमकं त्याच जागी निजवता यावं म्हणून. भामाबाई त्यावरून लई हसली. "पोरी न्हानपणी गोंदतात," ती म्हणाली, "आमचे मालक म्हातारपणी गोंदून आले." त्या तपासणीला दुपार झालेली होती, गावाकडं टँकर येऊन गेला होता आणि मुंजाजी पोटभर पाणी पिऊन निजला होता. तेव्हाचा आतला फोटो अगदी मनासारखा आला. पुढचा सगळा घोटाळा त्या चांगल्या फोटोतूनच निघाला.

कारण रोजचा नंबर लागला सकाळचा. आणि ताईनं सांगितलं, "बाबा, आधी लघवी करून यायचं, मग ही बाटली संपवायची आणि तासभर धरून ठेवायचं. पिशवी भरली की आतडं वर सरकतं, पिशवीचाही बराच भाग शेकाबाहेर राहतो आणि शेक फक्त गाठीला लागतो. आम्ही रोज आधी फोटो काढतो, पहिल्या फोटोवर ठेवून बघतो. ज्वारीच्या दाण्याएवढं जरी सरकलेलं दिसलं, तरी तुम्हाला पुन्हा नीट करून घेतो. जुळल्याशिवाय यंत्र चालू करत नाही."

मुंजाजी हो म्हणाला आणि बाटली घेऊन व्हरांड्यात गेला. तिथून त्यानं शहादेवाला फोन लावला. "जनावरं पेली का?"

"टँकर यायचाय अजून," शहादेव म्हणाला.

झालं. बाटली तशीच राहिली. आत फोटो निघाला, पिशवी रिकामी, ताईनं परत पाठवलं. मुंजाजी व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत राहिला. बाकड्यावरची माणसं त्याच्याकडं बघून वैतागली. दहाच्या पुढं फोन वाजला, शहादेव म्हणाला, "पेली बे, पी आता." मागं गळ्यातल्या घंटा तेवढ्या किणकिणत होत्या. पाणी पेलेली छावणी गप असते, रवंथाला लागलेलं जनावर हंबरत नाही, हे मुंजाजीला सांगायला नको. तो घटाघटा प्यायला, तास काढला आणि सगळ्यांच्या शेवटी त्याचा शेक झाला. सुरुवातीला रोज हेच. ताईला वाटायचं म्हाताऱ्याची पिशवी भरायलाच उशीर लागतो, आणि मुंजाजीनं तिला तसंच वाटू दिलं.

दुसऱ्या आठवड्यापासून शेक अंगावर यायला लागला. थकवा असा की जिना चढताना मधेच बसावं लागायचं. लघवीला जळजळ, परसाकडं दोनदोनदा. डॉक्टर म्हणाले हे होणारच, गोळ्या घ्या, शेक संपल्यावर हळूहळू कमी होईल. पण मुंजाजीचा जीव तिकडं माळावर. फोन हातातून सुटेना. उसाचं वाढं घेऊन येणारा ट्रक मांजरसुंब्याला बंद पडला की हा इकडं घामाघूम. चंद्री कशी आहे, हे विचारल्याशिवाय त्याला घास जाईना. चंद्री म्हणजे त्याची म्हातारी भाकड गाय, दूध देऊन थकलेली, पण त्याच्या आवाजाला कान टवकारणारी.

आणि नेमका तेव्हाच जवळचा तलाव आटला. टँकर लांबून भरून आणायची पाळी आली. कधी दुपारी यायचा, कधी दिवस कलल्यावर. एके दिवशी यंत्र बंद व्हायची वेळ झाली तरी शहादेवाचा फोन आला नाही. फोटो रिकामा, शेक नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. डॉक्टरांनी भामाबाईला आत बोलावून सांगितलं, "असे खाडे पडत राहिले तर आतापर्यंतचं सगळं वाया जाईल, मावशी. गाठ परत उठली तर पुढं एवढं सोपं राहणार नाही. रिकाम्या पिशवीवर शेक दिला तर आतडं भाजेल, तेही मी करणार नाही. बाबा पाणी पितात ना?"

"पेतात की," भामाबाई म्हणाली. "रोज बाटली रिकामीच असती."

बाहेर आली तर तलवाड्याची केशरबाई बाकड्यावर भेटली. तिचा नवराही शेकाला यायचा. केशरबाई म्हणाली, "बाई, तुमचे मालक लई दयाळू. आताशा आपली बाटली मला देऊन टाकतात. म्हनतात, माजं झालं, तुमी प्या."

भामाबाईनं वळून पाहिलं. व्हरांड्याच्या टोकाला नवरा भिंतीला टेकून फोनकडं बघत उभा होता, ओठांवर पापुद्रे आलेले. ती तरातरा चालत गेली.

"किती दिस झालं हे?"

"टँकर आला न्हाई अजून," मुंजाजी म्हणाला. भामाबाईला भंडारा ठाऊक होता. पण माळावरचा बोल हा माणूस दवाखान्यात घेऊन येईल, हे तिच्या मनात आलं नव्हतं.

"देवाला कळत न्हाई का तुमी आजारी हाव ते?"

"देवाला कळतं गं," तो म्हणाला. "गावाला न्हाई कळत. मी आदी पेलो, की तितं समदे आदी पेतील. मग खुंट्याला बांदलेल्या मुक्यांनी काय करायचं?"

"आन् मी काय करायचं?" भामाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट बसला. "त्या समद्यांचा इचार केला तुमी. माजा कवा करनार?"

मुंजाजी दिवसभर तिची नजर चुकवत राहिला. दुपारचा नंबर मिळतो का म्हणून भामाबाई ताईकडं जाऊन आली, पण दुपारची रांग भरलेली होती, आणि टँकरचाच नेम नाही तर दुपारचा काय नेम. मग ती धर्मशाळेच्या अंगणात जाऊन कुणाशी तरी फोनवर बोलली. बराच वेळ बोलली. परत आली तेव्हा डोळे पुसलेले होते. मुंजाजीनं ते पाहिलं आणि विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं दवाखान्यात जाऊन बसतात न बसतात, तोच मुंजाजीचा फोन वाजला. एवढ्या लवकर तो कधीच वाजला नव्हता.

"पेली बे समदी," शहादेव म्हणाला. "टँकर पहाटंच आला आज. शेवटचं जनावर हौदावरून आत्ता हटलं. पी तू."

मुंजाजीनं फोन कानाला घट्ट लावला. घंटा ऐकू येत नव्हत्या. शहादेवाच्या आवाजामागं हंबरडे होते, एकात एक मिसळलेले, लांब, घशातून ओढून काढलेले. कोरड्या हौदासमोर उभी असलेली गुरं असं ओरडतात. आणि त्या सगळ्यांतून एक हंबरडा वेगळा निघाला, जाडा, शेवटाला फाटणारा. तो आवाज त्यानं झोपेतही ओळखला असता.

त्यानं भामाबाईकडं पाहिलं. ती समोरच्या भिंतीवरचा, हात कसे धुवावेत तो फलक एवढ्या लक्ष देऊन वाचत होती की जणू आयुष्यात हात धुतलेच नव्हते. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं.

"सगळी पेली म्हनतोस?" मुंजाजीनं फोनवर विचारलं.

"समदी," शहादेव म्हणाला. त्याचाही आवाज कोरडा होता.

मुंजाजीनं फोन खिशात टाकला. बाटलीचं झाकण काढलं. पहिला घोट घशात अडकला, तो त्यानं डोळे मिटून खाली ढकलला. मग दुसरा. भामाबाई भिंतीकडंच बघत होती, पण तिचा हात बाकड्यावरून सरकत त्याच्या गुडघ्यावर आला. बाटली संपेपर्यंत तो तिथंच राहिला. त्यानंतरचा तास मुंजाजी एकदाही उठला नाही. येरझाऱ्या नाहीत, काही नाही. त्याला बघून बाकड्यावरची माणसंच चुळबुळली.

"आज फोटो एकदम जुळला, बाबा," स्पीकरमधून ताईचा आवाज आला. "पिशवी मस्त भरलीय. आता हलू नका."

यंत्राचा हात फिरायला लागला. मुंजाजीच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि दोन्ही बाजूंनी कानांत उतरलं. पुसावंसं लई वाटलं. पण हलू नका म्हटलं होतं, तो हलला नाही.

बाहेर आल्यावर त्यानं स्वतःच फोन लावला. "शहाद्या, मघाशी चंद्री कावून वरडत होती बे?"

शहादेव म्हणाला, "तिचं वासरू सुटलं होतं. त्याला हाका मारत होती."

चंद्रीला वासरू होऊन किती वर्षं लोटली, हे दोघांनाही ठाऊक होतं. मुंजाजीनं घसा खाकरला.

"बरं," तो म्हणाला. "उद्याबी असंच लवकर पाज समद्यांला."

"पाजतो," शहादेव म्हणाला.