तीनशे बारची हवा

चौकशीच्या कागदात एकच वाक्य महत्त्वाचं होतं: अग्निशमन दलाचा जवान आत अडकलेल्या माणसाला सोडून पळाला.

आग गोदामाला लागली होती. जवान आणि त्याचा जोडीदार पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून आत शिरले. हवा कमी झाली की सिलिंडरची शिटी वाजते. वाजली की मागे फिरायचं. केंद्रप्रमुखाच्या तक्त्याप्रमाणे ती साडेसदतिसाव्या मिनिटाला वाजायला हवी होती. दोघे तेहतिसाव्यालाच फिरले. आत अडकलेला गोदामपाल दुसऱ्या तुकडीला सापडला, सुदैवाने जिवंत. शिटी वाजली होती, असं दोघांनीही सांगितलं. केंद्रप्रमुखाने शेरा मारला: संगनमत. एकाने भीतीने धापा टाकून हवा संपवली, दुसऱ्याने री ओढली.

सिलिंडर भरणारी तंत्रज्ञ जवानाची थोरली वहिनी होती. ती चौकशी अधिकाऱ्यासमोर दोन भरलेले सिलिंडर आणि हवा मोजायचा मीटर घेऊन आली.

"तुम्ही वहिनी. तुम्ही काय वेगळं सांगणार?" केंद्रप्रमुख म्हणाला.

"म्हणून तर मीटर आणलाय. तो कुणाच्या नात्यातला नाही."

तिने झडप हळूहळू सोडली. तक्त्याच्या हिशेबाने शिटी वाजेपर्यंत पंधराशे लिटर हवा निघायला हवी होती. शिटी तेराशे वीसला वाजली. दुसऱ्या सिलिंडरची तेराशे पंचवीसला. श्वासाला मिनिटाला चाळीस लिटर हे तक्त्याचंच माप धरलं, तरी तेहतीस मिनिटं.

जुने सिलिंडर दोनशे बार दाबाचे होते. तीनशेचे आले तेव्हा केंद्रप्रमुखाने दाब दीडपट म्हणून हवाही दीडपट धरली. आदर्श वायू असा सरळ हिशेबाने चालतो. खरी हवा एवढ्या दाबाखाली तशी चालत नाही. तिचे कण स्वतःच जागा अडवतात, आणि पुढे दाब वाढतो तेवढी हवा आत मावत नाही. वहिनीने हे सहा महिन्यांपूर्वी लेखी कळवलं होतं. त्यावर उत्तर आलं नव्हतं.

 जवानाला संशयाचा फायदा देऊन प्रकरण मिटवू, असं चौकशी अधिकाऱ्याने सुचवलं.

"संशय कसला, साहेब?" जवान पहिल्यांदाच बोलला. "घरी आई दार लावून बसलीय. शेजारी विचारतात, पळालास का म्हणून. ते वाक्य खोडा."

केंद्रप्रमुख तक्त्यावर बोट ठेवून म्हणाला, आपला गुणाकार बरोबर आहे. गुणाकार खरोखरच बरोबर होता.

वहिनीने तिसऱ्या भरलेल्या सिलिंडरचा पट्टे-मुखवट्यासकट संच कोपऱ्यातून उचलून त्याच्यापुढे ठेवला.

"मग हा घाला आणि सरावाच्या धुराच्या खोलीत तुमच्या तक्त्याप्रमाणे थांबा. शिटी आधी वाजली तरी फिरायचं नाही. भाऊजींकडून हीच अपेक्षा होती ना?"

केंद्रप्रमुखाने संचाला हात लावला नाही.  चौकशी अधिकाऱ्याने पेनाचं टोपण काढलं, ते वाक्य खोडलं, खाली सही केली आणि कागद केंद्रप्रमुखाकडे सरकवला.

"तुमचीही," तो म्हणाला.