एकाच रंगाचं झाड

जे चुकलेलंच नाही ते दुरुस्त करायला सांगितलं की माझं डोकं फिरतं. आमचे मालक ॲल्फ्रेड अंकल यावर म्हणतात, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही." म्हणू देत.

शारजाच्या औद्योगिक भागातल्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये आम्ही खोटी झाडं बनवतो. आत लोखंडी पाइप, वर फायबरची साल. रिसेप्शनवर फोन उचलता उचलता दोन वर्षं भांडले, तेव्हा कुठे रंगकाम माझ्याकडे आलं. पहिलीच ऑर्डर एका हॉटेलच्या लॉबीची: लाल सालीचे छत्तीस मेपल. नमुन्याचं झाड माझ्या आधीच रंगवून झालं होतं, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एकसारखं लालभडक. हॉटेलचे कन्सल्टंट शैलेंद्र सर त्यावर मंजुरीची सही करून गेले होते.

मला ते झाड बघवेना. एका फुलवाल्याकडून खऱ्या मेपलच्या फांद्यांची मोळी मागवली. कोवळी काडी लाल, तिच्या मागची नारिंगी, जून लाकूड करडं. उन्हाची बाजू गडद, सावलीची हिरवट. हातच्या कांकणाला आरसा कशाला? छत्तीस झाडं मी तशीच रंगवली. एकासारखं दुसरं नाही.

"इनेज, हे रिजेक्ट झालं तर चार दिवसांत सगळी परत लाल करायची," अंकल म्हणाले. "आणि तू खलास. बॅक टू रिसेप्शन."

"चालेल, अंकल," मी म्हटलं. मुळीच चालणार नव्हतं.

सर तयार झाडं तपासायला यायच्या आधी मी आणि स्प्रे मारणाऱ्या यहयाने नमुन्याचं झाड ओढत आणलं आणि बाकीच्यांत मधोमध उभं केलं, सहीचा स्टिकर मागच्या बाजूला.

"मॅडम, नौकरी जाएगी," यहया म्हणाला.

"जाने दे. पकड उधर से."

सरांनी आल्या आल्या पहिल्या बुंध्याला मंजूर लाल रंगाचं शेड कार्ड लावलं. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. "अहो, काहीच मॅच होत नाही. अप्रूव्ह्ड सॅम्पल काय आणि हे काय! फुल लॉट रिजेक्ट."

अंकलनी डोक्याला हात लावला.

"सर, कार्ड खिशात ठेवा," मी म्हटलं. "दारात उभं राहून नुसतं बघा. यातलं खोटं कुठलं वाटतं? तेवढं मी लंचच्या आत बदलते."

"सगळीच खोटी आहेत, मॅडम."

"तरी बघा."

ते वैतागून दारापर्यंत गेले, वळले आणि लगेच बोट दाखवलं. "ते. मधलं. प्लास्टिक दिसतंय एकदम. काढा ते."

मी झाड फिरवलं. स्टिकरवर त्यांची सही होती.

सरांनी जवळ येऊन स्टिकर वाचला.

"हे मीच साइन केलंय," सर हळूच म्हणाले. "आता क्लायंटला काय सांगू?"

"आत्ता मला सांगितलंत तेच."

त्यांनी पेन काढलं. "पण नवीन सॅम्पल म्हणून साइन कशावर करू? एकाला एक मॅच नाही."

"सगळ्यांवर करा, सर."

आणि त्यांनी केली. यहया स्टिकर चिकटवत पुढे, सर वाकून सही करत मागे. घाम पुसत छत्तिसाव्या झाडाशी पोचले, तोवर सहीची नुसती रेघोटी झाली होती, पहिलीशी कुठेच जुळत नव्हती. मी ती बोटाने दाखवली, तेव्हा ते पहिल्यांदा हसले.