बेडकी त्याच वळणावर का अडते?

वळणावर पन्नासेक माणसं हात जोडून उभी होती आणि मधोमध दवाखान्याची एटीव्ही मेल्यासारखी पडली होती. जाड चाकांची, दगडधोंड्यांवरून उड्या मारत जाणारी ही गाडी. सगळे तिला बेडकी म्हणत. डोंगरावरून खालच्या मोठ्या इस्पितळात पेशंट नेणारी ती एकच. गर्दी चमत्काराची वाट पाहत होती. तीन आठवड्यांत चार वेळा पाहिला होता, पाचव्यांदा पाहायचा होता.

चमत्कार असा. दवाखान्यापासून वाट उतरून बेडकी या वळणावर आली की दोन आचके देऊन बंद पडायची. कितीही स्टार्टर मारा, चालू नाही. मग वळणावरच राहणारे महाराज झोपडीतून बाहेर यायचे, पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडायचे, आत तीर्थाचे सात थेंब सोडायचे. मिनिटभर मंत्र. की बेडकी सुरू!

"या वळणाखाली शंभर वर्षांचा तहानलेला आत्मा आहे," महाराज सांगायचे. "तो गाडीचं पेट्रोल शोषतो. झाकण उघडलं की सूं आवाज येतो ना? तो त्याचा श्वास!"

शंभर वर्षांपूर्वी मेलेल्याला पेट्रोलची चटक कुठून लागली, हे एकानेही विचारलं नाही. विचारायचं असतं ते आपण विचारत नाही, तिथेच या लोकांची दुकानं चालतात.

आज मात्र महाराज झाकणाला हात लावेनात.

मागच्या ट्रॉलीत स्ट्रेचरवर ड्रायव्हरची धाकटी बहीण कळा देत होती. पहिली खेप, मूल आडवं. इथे बाळंतपण होणारच नव्हतं. दवाखान्यातली सिस्टर तिचा हात धरून बसली होती.

"महाराज, थेंब टाका हो," ड्रायव्हर रडकुंडीला आला होता. "प्लग नवा, बॅटरी नवी, तेल ठीक. सगळं पाहिलं मी."

"आत्मा आज थेंबांवर भागणार नाही," महाराज डोळे मिटून म्हणाले. "या सिस्टरबाईने वरचा दवाखाना बंद करायचा. इथे सगळ्यांसमोर शपथ घ्यायची. सुया टोचून टोचून तिने डोंगर बाटवलाय."

दवाखाना निघाल्यापासून महाराजांच्या अंगाऱ्याला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. आत्म्याला नेमकी तीच अडचण होती.

"घ्या ना शपथ, सिस्टर," गर्दीतून कोणीतरी म्हणालं. "पोरीचा जीव मोठा की तुमचा दवाखाना?"

"दादा..." स्ट्रेचरवरून आवाज आला, "मला खूप भीती वाटतेय रे."

सिस्टरने बाळाचे ठोके मोजले. पुन्हा मोजले. कमी होत होते. तिने ड्रायव्हरकडे पाहिलं.

"स्टार्टर फिरतोय ना?"

"फिरतोय हो. पण पेटत नाही. पेट्रोलच येत नसल्यासारखं."

"टाकीत आहे ना?"

"गळ्यापर्यंत भरलीय! वाटेत कुठे मिळत नाही, म्हणून दर फेरीला काठोकाठ भरूनच निघतो."

पेट्रोल आहे, पण खाली उतरत नाही. आणि झाकण उघडलं की सूं! सिस्टर ताडकन उठली. अठरा वर्षं सलाईन लावण्यात गेली होती तिची. जुन्या काचेच्या बाटलीला हवेची सुई लावायला विसरलं की बाटली भरलेली असूनही थेंब थांबतो. आत हवा शिरल्याशिवाय पाणी बाहेर पडत नाही.

ती टाकीकडे गेली.

"हात लावू नकोस!" महाराज गरजले. "रक्त ओकशील!"

गर्दी दोन पावलं मागे सरली. ड्रायव्हरने सिस्टरचा हात धरला. "नको, सिस्टर. तुम्हाला काही झालं तर हिला कोण बघणार?"

"आणि काहीच नाही केलं तर हिला कोण वाचवणार? सोड हात."

तिने झाकण फिरवलं. सूं! थेंब नाही, मंत्र नाही. "आता मिनिटभर थांब. पेट्रोल खाली उतरू दे."

ते मिनिट सरता सरत नव्हतं. पन्नास माणसं सिस्टरच्या तोंडाकडे बघत होती, रक्त कधी येतं म्हणून. ड्रायव्हरने स्टार्टर मारला. बेडकी खोकली, थांबली. पुन्हा मारला. धडधडली!

"झाकण सैल ठेव आणि पळव!" सिस्टर ट्रॉलीत चढत ओरडली.

धूळ खाली बसायच्या आत महाराजांनी हात वर केले. "सोडलं! माझ्या शब्दाखातर आत्म्याने सोडलं!" आणि लोकांनी नमस्कार केला. हो, केला! डोळ्यांदेखत पाहून केला.

खाली ऑपरेशन झालं. आई वाचली, मुलगी वाचली. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास गेला असता तर बाळ हाती लागलं नसतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरने सगळ्यांना दवाखान्याच्या अंगणात बोलावलं. महाराजही आले, तमाशा हुकायला नको म्हणून. टाकी काठोकाठ भरली, झाकण घट्ट लावलं आणि ड्रायव्हर अंगणातच गोल गोल फिरू लागला. बाविसाव्या मिनिटाला, पाण्याच्या नळाजवळ, दोन आचके. बंद.

"आत्मा इथे आला!" महाराज म्हणाले.

"तो घड्याळ लावून फिरतो का?" सिस्टर म्हणाली. "दवाखाना ते वळण किती वेळ लागतो रे?"

"वीस-बावीस मिनिटं," ड्रायव्हर पुटपुटला.

तिने झाकण सगळ्यांपुढे धरलं. मधोमध बारीक भोक, त्यावर लाल मेण. तीन आठवड्यांपूर्वी गाडीला आशीर्वाद देताना महाराजांनी उमटवलेली मोहोर. बरोबर भोकावरच. "टाकीतून पेट्रोल गेलं की त्या जागी या भोकातून हवा शिरते. हे बुजलं की आत पोकळी होते आणि पेट्रोल अडकतं. दर वेळी तेवढीच भरलेली टाकी, तीच वाट, म्हणून तेच वळण. झाकण उघडलं की हवा आत जाते, तोच तो सूं. थेंब नुसते दाखवायला."

तिने मेणात सुई खुपसली, आरपार. बेडकी तासभर फिरली, एकदाही अडली नाही.

तेव्हा मागून म्हातारा शिंपी पुढे आला. पंधरा दिवसांपूर्वी त्याची बायको छातीत दुखतंय म्हणून याच गाडीतून निघाली होती. त्या दिवशी महाराज स्नानाला गेले होते. दीड तास ती वळणावर पडून होती. तिथेच गेली.

"तू महाराज व्हायच्या आधी फवारणीचे पंप दुरुस्त करायचास," शिंपी म्हणाला. "माझाही केला होतास. झाकणाचं भोक बुजलं की पंप अडतो, हे तूच मला शिकवलं होतंस."

 शिंपी गर्दीकडे वळला.

"याचं काय ते पोलीस बघतील. पण त्या दिवशी तुम्ही सगळे तिथे होतात. मीही होतो. मी हात जोडून उभा होतो, रे!"

कोणी मान वर केली नाही.

मेण एकाने लावलं, पण ते झाकण रोज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. वाचकहो, गाडी अडली तर आधी झाकण उघडून पाहा. माणूस आजारी पडला तर डॉक्टरकडे न्या, वाटेत कुणाच्या पाया पडायला थांबू नका. आणि "हात लावशील तर मरशील" असं कुणी म्हणालं, तर हात तिथेच लावा.